मेरिवेदर लुईस आणि प्रेअरीची वही



भूगोलाच्या पेपरात ‘जोड्या लावा’ हा प्रश्न आला की त्यात गवताळ प्रदेश हमखास असतात. पंपास – अर्जेंटिना, व्हेल्ड – दक्षिण आफ्रिका, प्रेअरी – उत्तर अमेरिका. तुम्ही पाठ करून येता, आम्ही बरोबरची खूण करतो आणि एक गुण देऊन मोकळे होतो. एकदा मात्र वर्गात एका मुलीने विचारले, की एवढी सुपीक जमीन आहे, नद्या आहेत, तर मग तिथे झाडे का नाहीत? प्रश्न साधा होता, पण आम्हा शिक्षकांना त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. ते शोधता शोधता आम्ही एका माणसाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. शेती होण्यापूर्वीची, कुंपणे घालण्यापूर्वीची प्रेअरी त्याने पायी चालून पाहिली होती आणि वहीत उतरवली होती. त्याचे नाव मेरिवेदर लुईस.

लुईसचा जन्म १८ ऑगस्ट १७७४ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. तो पाच वर्षांचा असताना वडील वारले. आईने दुसरे लग्न केले आणि सारे बिऱ्हाड दक्षिणेला जॉर्जियाच्या रानात गेले. त्याची आई लुसी झाडपाल्याच्या औषधांची जाणकार होती. आजूबाजूचे लोक दुखण्याखुपण्यात तिच्याकडे येत. कोणती साल कशावर चालते, कोणते मूळ कधी खणायचे, हे लुईस तिच्याकडे पाहून शिकला. पुढे त्याला मोठमोठ्या पंडितांनी शिकवले, पण वनस्पतिशास्त्रातली त्याची पहिली गुरू आईच म्हणावी लागेल. जून १८०५ मध्ये ऐन प्रवासात पोटात कळा येऊन ताप चढला, तेव्हा लुईसने चोकचेरी नावाच्या रानझुडपाच्या डहाळ्या उकळून काढा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चालू लागला.

विशीत तो सैन्यात गेला. तिथेच विल्यम क्लार्क या अधिकाऱ्याशी त्याची मैत्री झाली. १८०१ मध्ये थॉमस जेफरसन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी लुईसला आपला खाजगी सचिव म्हणून बोलावून घेतले. जेफरसन यांना झाडे, प्राणी, जीवाश्म, हवामान अशा सगळ्याच गोष्टींचे वेड होते. प्रचंड हत्तीसारखा मॅमथ हा प्राणी पश्चिमेकडे अजून जिवंत असेल, अशीसुद्धा त्यांना आशा होती!

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा विस्तीर्ण मुलूख दीड कोटी डॉलरना विकत घेतला. सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश! या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना मात्र ना विकणाऱ्याने विचारले, ना घेणाऱ्याने. मिसुरी नदीने वर जाऊन, पर्वत ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत वाट शोधायची आणि वाटेत जे दिसेल ते नोंदवायचे, हे काम जेफरसन यांनी लुईसकडे सोपवले. लुईसने बरोबरीचा नायक म्हणून क्लार्कला घेतले.

निघण्यापूर्वी लुईसला फिलाडेल्फियाला पाठवण्यात आले. वनस्पती बार्टन यांच्याकडून, हाडे आणि जीवाश्म विस्टार यांच्याकडून, औषधोपचार डॉ. रश यांच्याकडून, ताऱ्यांवरून स्थान काढण्याची विद्या एलिकट आणि पॅटरसन यांच्याकडून. सगळा अभ्यासक्रम काही आठवड्यांत उरकला! जेफरसन यांच्या लेखी सूचना तर एखाद्या शिस्तीच्या शिक्षकाने लिहाव्यात तशा होत्या. माती पाहा, जमिनीची ठेवण पाहा, झाडांना पालवी आणि फूल केव्हा येते त्या तारखा लिहा, पक्षी केव्हा दिसू लागतात ते लिहा. नोंदींच्या जास्त प्रती करा, आणि एक प्रत बर्च झाडाच्या सालीवर करा, कारण ती ओलाव्याला कागदापेक्षा चांगली टिकते. ही शेवटची सूचना लक्षात ठेवा. ओलाव्याची गोष्ट पुढे येणार आहे.

मे १८०४ मध्ये चाळीसहून अधिक माणसे एक मोठी नाव आणि दोन लहान नावा घेऊन मिसुरीच्या प्रवाहाविरुद्ध निघाली. त्यांत क्लार्कचा गुलाम यॉर्क होता आणि वीस डॉलरना विकत घेतलेला लुईसचा काळा कुत्रा सीमन होता. सुरुवातीला काठाने दाट झाडी होती. जसजसे वर जावे तसतशी झाडे नदीच्या काठापुरती उरली आणि त्यांच्यामागे नजर पोहोचेल तिथपर्यंत गवत सुरू झाले. पूर्वेकडे जिथे पाऊस बरा पडतो तिथे ‘बिग ब्लूस्टेम’सारखे माणसाच्या डोक्यावर जाणारे गवत, आणि पश्चिमेला रॉकी पर्वताच्या पर्जन्यछायेत पावलाच्या घोट्याएवढे बफेलो ग्रास. प्रेअरी म्हणजे एकच एक कुरण नव्हे, हे आम्हाला इथे पहिल्यांदा नीट कळले. आपल्याकडे कोकणातून घाट चढून देशावर आले की जसे गवत आणि झाडोरा बदलतो, तसाच तिथला बदल आहे. फक्त तो हजारभर किलोमीटरवर हळूहळू पसरलेला.

२५ ऑगस्ट १८०४ रोजी दोघे नायक काही माणसांसह नदी सोडून सपाटीवर उभ्या असलेल्या एका एकट्या टेकडीकडे निघाले. आज ती साउथ डकोटा राज्यात आहे आणि स्पिरिट माउंड या नावाने ओळखली जाते. तिथे वीतभर-दोन वीत उंचीचे, मोठ्या डोक्याचे आणि तीरकमठा घेतलेले भुताळी लोक राहतात, अशी आसपासच्या जमातींची श्रद्धा होती. चौदा किलोमीटरच्या त्या वाटेवर उन्हाने सगळे हैराण झाले. बिचाऱ्या सीमनला तर अर्ध्या वाटेतून परत पाठवावे लागले. वर भुते भेटली नाहीत. भेटला तो देखावा! चहूकडे झाडाचा मागमूस नाही, आणि गवतात चरणारे बायसनचे कळप. (बायसन म्हणजे आपल्या गव्याचा भाऊबंद, पण मानेवर आणि छातीवर दाट लोकर असलेला.) त्या टेकडीभोवती पक्षी का जमतात, याचे कारणही क्लार्कने लिहून ठेवले आहे. उघड्या माळावरचा वारा उडत्या किड्यांना टेकडीकडे ढकलत आणतो, किडे आडोशाच्या बाजूला साचतात आणि पक्षी तिथे आयते जेवायला येतात. भुताच्या टेकडीवर जाऊन असे निरीक्षण करून येणारी माणसे आम्हाला फार आवडली.

पुढे ७ सप्टेंबरला त्यांना जमिनीत बिळांची वस्तीच्या वस्ती सापडली. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एक गुबगुबीत प्राणी दोन पायांवर उभा राहून भुंकल्यासारखा ओरडत होता. हाच प्रेअरी डॉग. लुईसने मात्र त्याला ओळखले ते खारीच्या जातीचा म्हणून, आणि ते शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. एक तरी जिवंत पकडायचाच असे ठरले. माणसे सहा फूट खोल खणत गेली. मग काठी घालून पाहिली, तर बीळ निम्मेसुद्धा खणून झालेले नव्हते. शेवटी पहारेकरी वगळून सगळी पलटण पाणी वाहायला लागली आणि पिंपेच्या पिंपे ओतल्यावर एकच प्राणी हाती लागला!

दहा दिवसांनी, १७ सप्टेंबरला, लुईस दिवसभर पायी हिंडला. त्या भागातले गवत सुमारे महिन्याभरापूर्वी जळून गेले होते आणि राखेतून कोवळे हिरवे कोंभ वर आले होते. त्या कोवळ्या गवतावर बायसन, हरणे आणि एल्क तुटून पडले होते. एका नजरेत मावणारे बायसनच त्याने ३००० मोजले. त्याच दिवशी त्याने प्राँगहॉर्नच्या कळपाचा पाठलाग केला. हा दिसतो हरणासारखा, पण तो ना हरीण ना काळवीट. त्याच्या कुळातला तो जगात एकटाच उरला आहे. लुईस आडोशाने जपून टेकाडावर चढला, तोवर कळप गायब. पुन्हा पाहिले तर ते पलीकडच्या दूरच्या टेकाडावर! हे प्राणी पळत नसून पक्ष्यांसारखे उडत असावेत असे त्याला वाटले. प्राँगहॉर्न तासाला ८५ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो, हे आज मोजलेले आहे.

राखेतून उगवलेल्या त्या गवतातच आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर होते. झाडाचा वाढता कोंभ शेंड्याला असतो. आग लागली किंवा बायसनने तोडला की रोपटे संपते. गवताचा वाढता भाग जमिनीलगत किंवा जमिनीखाली सुरक्षित असतो. उंच गवतांची मुळे तर दोन मीटरहूनही खोल जातात. वर जळाले, चरले गेले, थंडीने वाळले, तरी खाली संसार शाबूत! त्यातून पाऊस बेभरवशाचा आणि वारा कोरडा. अशा ठिकाणी झाडांना थारा फक्त नदीकाठी आणि घळींत मिळतो. हीच मुळे हजारो वर्षे वाढत आणि कुजत राहिली, म्हणून प्रेअरीची माती काळी. आपल्या माळव्याची माती काळी ती लाव्हाच्या खडकापासून झालेली. रंग एक, पण घडण वेगळी. परीक्षेत गोंधळ करू नका.

आगी विजेने लागत तशा तिथले लोकही मुद्दाम लावत. वसंतात माळ पेटवला की गवत लवकर फुटते आणि बायसन जवळ येतात, हे मॅन्डन आणि हिदात्सा लोकांना पक्के ठाऊक होते. ऑक्टोबर १८०४ मध्ये तिथे एक वणवा इतक्या वेगाने आला की त्यात एक पुरुष आणि एक स्त्री जळून मेली. एक मुलगा मात्र वाचला. पळणे शक्य नाही असे दिसताच आईने त्याच्यावर बायसनचे ताजे ओले कातडे पांघरले होते. आग वरून निघून गेली. कातड्याखालचे गवतसुद्धा जळाले नाही.

तो हिवाळा त्यांनी याच मॅन्डन लोकांच्या शेजारी, आजच्या नॉर्थ डकोटात, लाकडी गढी बांधून काढला. पारा शून्याखाली ४० अंशांच्याही खाली गेला. (फॅरनहाइट की सेल्सिअस, असे विचारू नका. त्या आकड्याला दोन्ही मापे एकच होतात. पडताळून पाहा.) मॅन्डन लोकांची मातीची गोल घरे होती आणि मका, घेवडा, भोपळा यांची शेती होती. त्यांचा मका मिळाला नसता तर ही मोहीम तिथेच अडकली असती.

७ एप्रिल १८०५ रोजी मोठी नाव माघारी पाठवण्यात आली. तिच्यात कातडी, शिंगे, सांगाडे, मातीचे आणि दगडांचे नमुने, वाळवलेल्या वनस्पती होत्या. शिवाय पिंजऱ्यांत चार मॅगपाय पक्षी, एक माळकोंबडी आणि एक प्रेअरी डॉग, सगळे जिवंत. चार महिन्यांनी ते वॉशिंग्टनला पोहोचले तेव्हा एक मॅगपाय आणि तो प्रेअरी डॉग एवढेच जिवंत होते. पुढे त्यांची रवानगी फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात झाली.

लुईस पश्चिमेकडे निघाला. आता सोबत शोशोनी जमातीची साकागाविया ही तरुणी आणि तिचे दोन महिन्यांचे बाळ होते. दुसऱ्याच दिवसांत तिने एक युक्ती दाखवली. वाहून आलेल्या लाकडांच्या ढिगांजवळ ती टोकदार काठीने जमीन टोचत हिंडली आणि उंदरांनी हिवाळ्यासाठी साठवलेली खाण्याजोगी मुळे काढून घेऊन आली. लुईसने ती मुळे पाहून त्यांचे वर्णन लिहिले. आम्हाला इथे थोडे थांबावेसे वाटते. लुईसने शोधले असे जे जे आपण वाचतो, त्यातले बरेचसे तिथल्या बायाबापड्यांना आधीच माहीत होते. लुईसचे काम ते नेमके लिहून ठेवण्याचे होते, आणि तेही लहान काम नाही.

मे अखेरीस नदीच्या दोन्ही काठांना पांढऱ्या वालुकाश्माचे उंच कडे लागले. पावसाच्या पाण्याने मऊ खडक असा काही कोरला होता की लुईसला त्यांत पडक्या वाड्यांच्या भिंती, खांब आणि कोनाडे दिसू लागले. मधूनमधून काळ्या कठीण खडकाच्या सरळ भिंती उभ्या होत्या. त्या तर गवंड्याने रचल्यासारख्याच. १३ जूनला सपाट माळापलीकडे धुरासारखा उठणारा तुषारांचा लोट दिसला, मागोमाग गर्जना ऐकू आली. तोच मिसुरीचा महाधबधबा.

दुसऱ्याच दिवशी लुईसने एक बायसन मारला आणि बंदूक पुन्हा भरायची विसरला. मागे वळून पाहतो तो ग्रिझली अस्वल वीस पावलांवर! आसपास झुडूप नाही, सर्वांत जवळचे झाड तीनशे यार्डांवर. प्रेअरीत झाड नसणे म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी जितके कळले असेल तितके कोणत्याच पुस्तकातून कळले नसते. तो नदीत कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि भाला रोखून उभा राहिला. अस्वल काय वाटले कोण जाणे, उलटे फिरून पळाले.

झाडांच्या या टंचाईने त्याचा आणखी एक बेत बुडवला. त्याने पूर्वेहून एका होडीचा लोखंडी सांगाडा सुटा करून आणला होता. धबधब्याच्या वर तो जोडून त्यावर कातडी शिवली. पण शिवणी बुजवायला डांबर हवे आणि डांबराला पाइनची झाडे हवीत! माळावर पाइन कुठून येणार? कोळशाची पूड, मेण आणि चरबी यांचे मिश्रण लावून पाहिले. ९ जुलैला होडी पाण्यात घातली आणि थोड्याच वेळात शिवणी सुटल्या. दोन वर्षे वाहून आणलेले लोखंड तिथेच पुरावे लागले. होड्या आणि सामान ओढताना निवडुंगाचे काटे पातळ जोड्यांतून पायांत घुसत होते, ते वेगळेच. मात्र तोच छळणारा वारा एक दिवस उपयोगी पडला. चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या होडीला त्यांनी शीड लावले आणि ती जमिनीवरून चालवली!

ऑगस्टमध्ये लुईसला एकतिसावे वर्ष पूर्ण झाले. त्या दिवशी त्याने वहीत लिहिले ते वाचून आम्ही चकित झालो. आयुष्य जवळजवळ निम्मे संपले, आणि आपण मनुष्यजातीच्या सुखात, पुढच्या पिढीच्या ज्ञानात फारच थोडी भर घातली, अशी खंत त्यात आहे.

पर्वत, महासागर आणि परतीचा प्रवास यांची हकीकत मोठी आहे. ती इतिहासाच्या पुस्तकांत मिळेल. आम्ही गवताळ प्रदेशाकडेच वळतो. जुलै १८०६ मध्ये लुईस धबधब्यापाशी परतला आणि आदल्या वर्षी पुरून ठेवलेले सामान उकरले. नदी चढून पाणी आत शिरले होते. फोर्ट मॅन्डनपासून तिथपर्यंत गोळा केलेल्या साऱ्या वनस्पती कुजल्या होत्या. मिसुरीचा नकाशा तेवढा वाचला. त्याच महिन्यात ब्लॅकफीट जमातीच्या तरुणांशी झालेल्या चकमकीत दोन तरुण मारले गेले, त्यांतला एक लुईसच्या गोळीने. आणि ऑगस्टमध्ये स्वतः लुईसला, एका अधू नजरेच्या सोबत्याने एल्क समजून, मागून गोळी घातली! पालथा पडून प्रवास करत तो २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईसला पोहोचला.

सत्कार झाले, जमीन मिळाली, लुइझियानाचे गव्हर्नरपद मिळाले. १८०७ मध्ये तीन खंडांच्या ग्रंथाची जाहिरात निघाली. त्यातला एक खंड केवळ निसर्गशास्त्राचा. वनस्पतींची चित्रे काढायला फ्रेडरिक पर्श या जाणकाराला पैसेही दिले गेले. सगळे तयार होते. पण लुईस लिहायला बसलाच नाही. प्रकाशकाला एक पानसुद्धा मिळाले नाही. रानात ओल्या कपड्यांत, मशालीच्या उजेडात पानेच्या पाने लिहिणारा हा माणूस कचेरीत का थबकला? कामाचा बोजा, हेवेदावे, मद्य, सरकारने नाकारलेली बिले, कर्ज, आणि मन खचवणारा आजार, अशी कारणे सांगतात. आम्हाला वाटते, यांतले एकच कारण धरून चालणार नाही.

१८०९ मध्ये हिशेब आणि वह्या घेऊन तो वॉशिंग्टनला निघाला. टेनेसीतल्या एका आडवाटेवरच्या उताराच्या घरी ११ ऑक्टोबरच्या पहाटे पिस्तुलाच्या गोळ्यांच्या जखमांनी तो मरण पावला. वय पस्तीस. त्याने स्वतःच जीव दिला असे जेफरसन आणि क्लार्क यांनी मानले, बहुतेक इतिहासकारही तसेच मानतात. काहींना घातपाताचा संशय आहे. वह्या सामानात सुखरूप होत्या.

१८१४ मध्ये निकोलस बिडल यांनी त्या वह्यांवरून प्रवासाची हकीकत छापली, पण निसर्गाचा भाग गाळला. तोवर पर्शने लंडनच्या आपल्या ग्रंथात लुईसच्या कित्येक वनस्पतींना शास्त्रीय नावे देऊन टाकली होती. लुईसचे नाव त्याने एका जवसाच्या निळ्या फुलाला आणि लुइसिया या प्रजातीला दिले, ही त्याची कृतज्ञता म्हणायची. लुइसियाचे एक वाळलेले रोप फिलाडेल्फियात मातीत लावल्यावर पुन्हा फुटले होते, म्हणून तिच्या नावात पुन्हा जिवंत झालेली असा लॅटिन शब्द आहे. प्रेअरी डॉग, प्राँगहॉर्न आणि ग्रिझली यांना १८१५ मध्ये जॉर्ज ऑर्ड यांनी नावे दिली. यांपैकी एकही प्राणी ऑर्ड यांनी त्याच्या माळावर पाहिलेला नव्हता.

उरलेल्या वाळक्या वनस्पतींचे गठ्ठे फिलाडेल्फियातच एका संस्थेच्या सामानात विसरले गेले आणि १८९६ मध्ये सापडले. मूळ वह्या १९०४-०५ मध्ये जशाच्या तशा छापून आल्या, तेव्हा कुठे लोकांना लुईसची प्रेअरी वाचायला मिळाली. पण मधल्या शंभर वर्षांत काय झाले पाहा. १८३७ मध्ये देवीच्या साथीने मॅन्डन लोकांची गावे ओस पडली, मोजकीच माणसे वाचली. त्याच वर्षी जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर केला. चिवट मुळांची जी काळी जमीन जुन्या नांगरांना चिकटून बसे, ती आता उलटू लागली. कोट्यवधी बायसनमधले एक हजारही १८८० च्या दशकाअखेर उरले नाहीत. उंच गवताच्या प्रेअरीपैकी आज शेकडा चारसुद्धा शिल्लक नाही. वह्या छापून आल्या तेव्हा त्यांतला देश बाहेर जवळजवळ उरलाच नव्हता.

१८०४ सालची तर लुईसची स्वतःची रोजनिशी जवळपास नाहीच. जे आहे ते क्लार्कचे. त्यातूनही १६ आणि १७ सप्टेंबरची काही सुटी पाने कशी कोण जाणे वाचली आहेत. म्हणून ते तीन हजार बायसन आणि राखेतून आलेले कोवळे गवत आपल्याला ठाऊक आहे.

स्पिरिट माउंडभोवती पुढे शेती झाली, गुरांचा गोठाही झाला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जागा सार्वजनिक झाली, बांधकामे हटवली आणि तिथे पुन्हा स्थानिक गवते आणि रानफुले पेरली. आता पायवाटेने कोणालाही वर जाता येते. उतारावर ब्लूस्टेम आहे, आणि माथ्यावरून पाहिले की चहूकडे मका आणि सोयाबीनची शेते.